कारगिल आठवतं, जाफना आठवत नाही

१९९९ च्या कारगिल युद्धात ५२७ भारतीय जवान शहीद झाले. १९८७ ते १९९० या काळात श्रीलंकेत जाफन्यासारख्या भागांत लढलेल्या भारतीय शांतिसेनेने १,१०० हून अधिक जवान गमावले. तरीही २६ जुलैला देशभर कारगिल विजय दिवस साजरा होतो. शांतिसेनेचा दिवस कुठला, हे विचारलं तर बहुतेकांकडे उत्तर नसतं. याचं एक कारण असं की कारगिलच्या वेळी खासगी वृत्तवाहिन्या नुकत्याच घरोघरी पोचल्या होत्या. द्रासहून बोफोर्स तोफांचा धडाका दिवाणखान्यात ऐकू येत होता, तिरंग्यात गुंडाळलेल्या शवपेट्या गावोगावी येत होत्या आणि शरदात लोकसभेची निवडणूक होती. जाफन्याच्या वेळी पडद्यावर फक्त सरकारी दूरदर्शन होतं.

यावर कुणी म्हणेल, कारगिल आपल्या भूमीवरचा विजय होता, जाफना परक्या देशातली फसलेली मोहीम. लोक विजयच लक्षात ठेवणार. मुद्दा वजनदार आहे, पण पुरा पडत नाही. १९६२ चा चीनकडून झालेला पराभव आपण विसरलेलो नाही, उलट त्यावर गाणी आणि सिनेमे झाले. फरक असा की १९६२ च्या जवानाचा शोक करण्यात कुठल्याच पक्षाला अडचण नव्हती. शांतिसेना मात्र काँग्रेस सरकारने पाठवली आणि पुढच्या सरकारने परत आणली. तिची आठवण काढून मतं कुणालाच मिळणार नव्हती. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी मद्रासला परतली, तेव्हा तामिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेलेच नाहीत.