‘ओ-यू-जी-एच’ अक्षरसमूह

इंग्रजी लेखनात ओ, यू, जी व एच या क्रमाने येणारा चार अक्षरांचा समूह. तो ज्यांत येतो ते शब्द लेखनात एका कुळातील दिसतात. उच्चारात मात्र ते परस्परांपासून फार दूर गेले आहेत. ‘थ्रू’ (–मधून) या शब्दात या समूहाचा उच्चार ‘ऊ’, ‘दो’ (जरी) यात ‘ओ’, ‘बाउ’ (फांदी) यात ‘आउ’, ‘थॉट’ (विचार) यात ‘ऑ’, ‘रफ’ (खडबडीत) यात ‘अफ’, ‘कॉफ’ (खोकला) यात ‘ऑफ’ आणि ‘थरा’ (सर्वांगीण) यात केवळ अस्पष्ट ‘अ’ असा होतो. इंग्रजी लेखनाच्या बेशिस्तीचा पुरावा म्हणून या शब्दांकडे नेहमी बोट दाखविले जाते. वस्तुतः या विसंगतीचे मूळ लेखनाच्या स्थैर्यात आहे : उच्चार बदलत गेले आणि लेखन जागीच राहिले.

प्राचीन इंग्रजीत या शब्दांमध्ये घशात घासून निघणारा, ‘ख’ला जवळचा असा एक ध्वनी होता व तो एच या एकाच अक्षराने दाखविला जाई. ‘रफ’चे जुने रूप ‘रूह’ आणि ‘थ्रू’चे ‘थुर्ह’ असे होते. ‘थरा’ हा शब्दही या ‘थुर्ह’चेच दोन अवयवांत उच्चारलेले रूप होय. १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर इंग्लंडमधील लेखनावर फ्रेंच वळणाच्या लेखनिकांचा प्रभाव पडला आणि हा ध्वनी दाखविण्यासाठी ‘जी-एच’ ही जोडी हळूहळू रूढ झाली. तिच्या आधीचे ‘ओ-यू’ त्या काळातील स्वराचे निदर्शक होते. म्हणजे प्रारंभी हा समूह उच्चारास धरूनच होता. हा घर्षक ध्वनी जर्मनमध्ये आजही ऐकू येतो : इंग्रजी ‘ब्रॉट’ (आणले) या रूपाशी सगोत्र असलेले जर्मन रूप ‘ब्राख्टे’ असे आहे. आयर्लंडमधील सरोवरांच्या नावांत येणाऱ्या ‘लॉख’ या शब्दाच्या लेखनात हाच समूह असून तेथेही हा ध्वनी टिकून आहे.

सुमारे पंधराव्या ते सतराव्या शतकांच्या दरम्यान इंग्लंडच्या बहुतेक भागांतून हा ध्वनी नाहीसा झाला. काही ठिकाणी तो पूर्णपणे लोपला. काही ठिकाणी, विशेषतः ओष्ठ गोलावून उच्चारल्या जाणाऱ्या स्वरांनंतर, त्याचा ‘फ’ झाला. हे दोन्ही ध्वनी ऐकण्यात एकमेकांस जवळचे असल्याने असा बदल सहज घडू शकतो. कोणत्या शब्दात काय घडावे हे बोलीपरत्वे ठरत असे. त्यामुळे एकाच शब्दाची दोन रूपेही टिकली. मळलेल्या कणकेस प्रमाण भाषेत ‘डो’ म्हणतात, तर त्याच शब्दाचे उत्तरेकडील रूप ‘डफ’ एका पक्वान्नाच्या नावात शिल्लक आहे. ‘इनफ’ (पुरेसे) याच्या जोडीला ‘इनाउ’ हे रूप काव्यात दीर्घकाळ वापरात होते. प्रमाण इंग्रजीने निरनिराळ्या बोलींतून निरनिराळी रूपे स्वीकारली. आजच्या गोंधळाचे हे प्रमुख कारण होय.

नेमक्या याच काळात लेखन स्थिर होऊ लागले. विल्यम कॅक्स्टन याने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टर येथे छापखाना काढला. मुद्रकांनी रूढ केलेली जुनी रूपे वाचकांच्या डोळ्यांत बसली आणि सॅम्युएल जॉन्सन (१७०९–८४) याच्या १७५५ च्या शब्दकोशाने त्यांना प्रतिष्ठा दिली. अशा शब्दांच्या वळणाचा प्रभाव इतरांवरही पडला. उचकी या अर्थाच्या ‘हिकप’ या शब्दाचा खोकल्याशी संबंध असावा, अशा समजुतीने सतराव्या शतकात त्याच्या लेखनात हा समूह घालण्यात आला. उच्चार मात्र ‘हिकप’ असाच राहिला.

हे लेखन सुधारण्याचे प्रयत्न वेळोवेळी झाले. अमेरिकेत नोआ वेब्स्टर (१७५८–१८४३) याने १८२८ च्या कोशात ‘प्लाउ’ (नांगर) या शब्दाचे लेखन सोपे केले व ते तेथे रूढ झाले. १९०६ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी ३०० शब्दांची सुलभ रूपे शासकीय मुद्रणात वापरण्याचा आदेश दिला; त्यांत ‘थ्रू’ व ‘दो’ यांचाही समावेश होता. तथापि काँग्रेसच्या विरोधामुळे त्यांना त्याच वर्षी माघार घ्यावी लागली. शिकागो ट्रिब्यून या दैनिकाने १९३४ पासून अशी रूपे छापली, परंतु १९७५ मध्ये ‘थ्रू’, ‘दो’ व ‘थरा’ यांची जुनी रूपे त्यास पुन्हा स्वीकारावी लागली. ब्रिटिश संसदेत १९४९ साली आलेले लेखनसुधारणा विधेयक केवळ ३ मतांनी फेटाळले गेले.

मराठी वाचकास हा प्रश्न अगदीच अपरिचित नाही. ‘पांच’ या शब्दातील अनुस्वार उच्चारातून लोपल्यानंतरही लिहिला जात असे. संस्कृत ‘पञ्च’मधील अनुनासिकाची ती खूण होती. १९६२ मध्ये मान्य झालेल्या लेखननियमांनी असे अनुच्चारित अनुस्वार वर्ज्य केले. लेखन सुकर झाले, पण ती खूण पुसली गेली. अनेक राष्ट्रांत लिहिल्या जाणाऱ्या इंग्रजीस सर्वत्र बंधनकारक असा नियम करणारी एकही संस्था नाही. म्हणून तिच्या लेखनात लुप्त ध्वनींचे अवशेष टिकून राहिले. अभ्यासकास ते भाषेच्या इतिहासाचे साधन वाटतात. नवशिक्या विद्यार्थ्याला मात्र त्यांपायी यातील प्रत्येक शब्दाचा उच्चार स्वतंत्रपणे पाठ करावा लागतो.