दप्तर, मेस्तक आणि यंत्राचा कारकून



या शाळेचा एक माजी विद्यार्थी पुण्यात संगणकाच्या व्यवसायात आहे. गेल्या दिवाळीत तो भेटावयास आला तेव्हा मी विचारले, “सध्या काय लिहितोस?” तो म्हणाला, “सर, प्रोग्रॅम बराचसा यंत्रच लिहिते. यंत्राने दप्तर कसे हाताळावे, याच्या सूचना मी लिहितो.” ‘दप्तर’ हा शब्द त्याने माझ्यासाठी योजला होता, पण तो इतका चपखल बसला की आजच्या व्याख्यानाचा विषय मला तेथेच सापडला.

त्याच्या दप्तराचे साधन म्हणजे ‘गिट’. लिनस टॉरवाल्ड्स यांनी ते एप्रिल २००५ मध्ये निर्माण केले. लिनक्सचे काम ज्या साधनावर चाले, त्याची विनामूल्य सवलत बंद झाल्यामुळे हे नवे साधन रचावे लागले. प्रोग्रॅमच्या मजकुरात कोणी, केव्हा, कोणता बदल केला आणि तो का केला, याची नोंद गिट ठेवते. म्हणजे हे चालते-बोलते दप्तरच होय.

अशा साधनांची माहितीपुस्तके नवी नाहीत. युनिक्स प्रणालीची पहिली पुस्तिका नोव्हेंबर १९७१ ची आहे. परंतु ती माणसांसाठी होती. माणूस अडला तर शेजारच्या टेबलावर विचारतो आणि राहिलेली उणीव अनुभवाने भरून काढतो. आता आज्ञा चालविणारा ‘एजंट’ म्हणजे कृत्रिम बुद्धीचा सहायक असतो. त्याला भाषा येते, आज्ञा पाठ असतात. त्या विशिष्ट घराची रीत मात्र ठाऊक नसते. म्हणून २०२५ पासून अनेक भांडारांत ‘एजंट्स’ या नावाची स्वतंत्र सूचनापत्रिका ठेवण्याची प्रथा पडली आहे.

त्या पत्रिकेत काय असते? नोंद करताना तिचा मजकूर आज्ञेबरोबरच द्यावा. नाहीतर गिट लेखनाची खिडकी उघडून वाट पाहत बसते आणि सहायक तेथेच खोळंबतो. सामायिक शाखेवर ‘फोर्स पुश’ करू नये. तसे केल्यास सहकाऱ्यांनी नोंदविलेले काम त्या शाखेवरून नाहीसे होऊ शकते. ‘हार्ड रीसेट’ विचारल्यावाचून करू नये. त्याने न नोंदविलेले बदल पुसले जातात. काम संपल्यावर कोणती चाचणी चालवावी, हेही लिहिलेले असते. प्रत्येक सूचनेबरोबर तिचे कारण दिले, तर पत्रिकेत न लिहिलेला प्रसंग आला तरी सहायक त्या कारणावरून वाट काढू शकतो, असे आमच्या विद्यार्थ्याचे म्हणणे.

हे ऐकताना मला मेस्तकांची आठवण झाली. यादवांचा मंत्री हेमाद्री, म्हणजे हेमाडपंत, याच्या नावाशी मेस्तकांची परंपरा जोडली जाते. कोणाला कोणता मायना लिहावा, हिशेब कसा मांडावा, हे नव्या कारकुनाला मेस्तकातून कळे. पुढे शिवछत्रपतींच्या आज्ञेने ‘राज्यव्यवहारकोश’ सिद्ध झाला. व्यवहारातील फारसी शब्दांना त्यात संस्कृत पर्याय दिले होते. राज्य चालवावयाचे तर दप्तराची रीत लिहून ठेवावी लागते, ही जाण त्यांच्या मागे होती.

मात्र जे रोजच्या सरावाचे, ते बहुधा कोणी लिहीत नाही. याचा चटका मला स्वतःला बसला आहे. तरुणपणी निपाणीकडील एका घराण्याचे मोडी कागद मी वाचत होतो. अक्षर लागत होते, म्हणून मी निर्धास्त होतो. एका कागदावरचा फसली सन मी शुहूर सन समजलो. फसलीत ५९० किंवा ५९१ मिळवावे, तर शुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवावे, तेव्हा इसवी सन येतो. माझा कागद नऊ वर्षे पुढे सरकला आणि बापाचा व्यवहार मुलाच्या नावावर गेला. एका वृद्ध कारकुनाने चूक दाखविली नसती, तर ती छापली गेली असती. मला वाचता येत होते. रीत ठाऊक नव्हती. आजचा यंत्र-सहायक नेमका त्याच जागी उभा आहे.

आपल्या सीमाभागात तर ही गोष्ट अधिकच जिव्हाळ्याची आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. त्यातला चंदगड तालुका मात्र मुंबई राज्यात राहून कोल्हापूर जिल्ह्यास जोडला गेला. १९७३ साली म्हैसूरचे कर्नाटक झाले, २०१४ साली बेळगावचे अधिकृत नाव बेळगावी झाले. १८८४ च्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्ये चंदगड शोधावयाचे तर बेळगावचा खंड उघडावा लागतो. मोडी, बाळबोध, कन्नड, इंग्रजी अशा लिप्यांतून आपली माणसे आपला हक्क शोधत असतात. उद्या हे कागद यंत्रापुढे ठेवले जातील. मोडीला २०१४ मध्ये युनिकोडमध्ये स्थान मिळाले, म्हणजे अक्षराची सोय झाली. सनांची, नावांची, हद्दींची रीत सांगणारे मेस्तक मात्र आपणच लिहावयाचे आहे.

ज्यांच्या स्मृतीस हे व्याख्यान वाहिले आहे, त्या गुरुजींनी शाळेच्या जुन्या जनरल रजिस्टरच्या पहिल्या पानावर एक कागद चिकटविला होता. कोणती खूण कशासाठी, खाडाखोड झाल्यास कोणाची सही ग्राह्य धरावी, कोणत्या गावांची नावे बदलली, एवढेच त्यावर होते. आम्ही तेव्हा हसलो होतो. गुरुजींना संगणक ठाऊक नव्हता. परंतु आपल्यामागून येणारा वाचक आपल्याला विचारू शकणार नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

माजी विद्यार्थी मित्रहो, आपापल्या घरच्या दप्तराला असे एक पहिले पान लावा. ज्यांना ती रीत सांगता येते अशी माणसे आज हयात आहेत, तोवरच हे काम होण्यासारखे आहे.