बंदिश कागदावर, गळा माइकमध्ये

आवाज जपण्याच्या दोन वाटा लखनौत भेटल्या. १९२६ मध्ये पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने इथे मॅरिस कॉलेज सुरू झालं. त्यांच्या स्वरलिपीने बंदिश कागदावर टिकली. गळा मात्र कागदावर उतरेना.

१९३८ मध्ये शहरात रेडिओ केंद्र आलं. लग्नानंतर गाणं सुटलेल्या अख्तरीबाई फैजाबादी १९४९ मध्ये याच केंद्रावर पुन्हा गायल्या. त्याच आपल्या बेगम अख्तर. वरच्या सुरात त्यांचा आवाज क्षणभर फुटायचा आणि रसिक त्यावरच जीव टाकायचे. ते फुटणं स्वरलिपीत कसं लिहिणार?

१९०२ मध्ये गौहर जान यांना भोंग्यात जोर लावून गावं लागलं होतं. १९२५ पासून विजेवरचं ध्वनिमुद्रण आलं आणि माइकसमोर हलका गळाही टिपला जाऊ लागला.

म्हणून जुने डायनॅमिक माइक ताडून बघताना मी हेच बारकावे ऐकतो. रिबन माइकमध्ये चुंबकामधली धातूची पातळ पट्टी हलते. आवाज मऊ येतो, पण जोराच्या फुंकरीने पट्टी ताणली जाते. दुसऱ्या जातीत पडद्याला जोडलेली तारेची गुंडाळी हलते. १९३९ चा शुअर युनिडाइन ५५ या जातीचा: दणकट, मागचा आवाज कमी घेणारा.

गायक, ओळ, अंतर तेच ठेवा. ऐकताना दोन्हींचा आवाज सारखा करा, नाहीतर मोठा वाजणारा माइकच बरा वाटतो. मग बघा, गळ्याची खूण कोणात उरते. गाणाऱ्यामागे तेवढीच उरणार आहे.