आजारी माणसाचा विमा कोण उतरवणार?

गावात निवृत्त मास्तर असला की लोक त्याच्याकडे फॉर्म भरून घ्यायला येतात. पेठला आणि वर सातगाव पठारावर बटाट्याचे पैसे हातात आले की पूर्वी बैल, पंप, नाहीतर लेकीचं लग्न एवढाच हिशेब असायचा. आता त्यात पॉलिसीही आली. फॉर्म भरताना पेन नेहमी एकाच पानावर अडतं. मधुमेह आहे का, रक्तदाब आहे का, हृदयाचं काही ऑपरेशन झालंय का, क्षय किंवा कर्करोग होऊन गेलाय का... समोरचा खाली बघतो आणि हळूच म्हणतो, "गुरुजी, हे लिहायलाच पाहिजे का?"

प्रश्न साधा आहे, पण त्याच्यामागे दोनशे वर्षांचा इतिहास आहे. तो मला फार रंजक वाटतो, म्हणून हा लेखनप्रपंच.

हिंदुस्थानात पहिली आयुर्विमा कंपनी निघाली १८१८ साली कलकत्त्यात, ओरिएंटल लाइफ या नावाची. ती होती इथल्या युरोपियन लोकांसाठी. पुढे काही कंपन्या हिंदी माणसाचा विमा उतरवू लागल्या, पण त्याच्याकडून भरमसाट जादा हप्ता घेऊन. का? तर हिंदी माणसाचं आयुष्य कमी प्रतीचं, म्हणजे धडधाकट तरणाबांड गडी असला तरी विम्याच्या वहीत तो जवळजवळ रोगीच! आज साखरेच्या पेशंटला जी वागणूक मिळते ती तेव्हा अख्ख्या देशाला मिळत होती.

हे बदललं ते मुंबईत. १८७० साली बॉम्बे म्युच्युअल लाइफ अ‍ॅश्युरन्स सोसायटी स्थापन झाली आणि तिने हिंदी लोकांचे विमे सर्वसाधारण दराने घ्यायला सुरुवात केली. पाठोपाठ १८७४ मध्ये मुंबईतच ओरिएंटल गव्हर्नमेंट सिक्युरिटी ही कंपनी निघाली. स्वदेशीच्या वाऱ्यात तर गावोगावी विमा कंपन्या झाल्या. आपल्या साताऱ्यात अण्णासाहेब चिरमुले यांनी १९१३ साली वेस्टर्न इंडिया लाइफ इन्शुरन्स कंपनी काढली. मुंबई-कलकत्ता सोडून साताऱ्यासारख्या गावात विमा कंपनी चालू शकते हे त्यांनी दाखवून दिलं. पुढे १९५६ साली सरकारने आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण केलं. तेव्हा अर्थमंत्री होते आपले चिंतामणराव देशमुख. देशी, विदेशी आणि प्रॉव्हिडंट सोसायट्या अशा मिळून २४५ संस्था एकत्र आल्या आणि १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ उभं राहिलं.

म्हणजे "हिंदी माणूस" या सरसकट रोगातून आपण सुटलो. पण खरोखरच्या रोग्याचं काय?

त्याचा विचार विलायतेत आधी झाला होता. १८२४ साली लंडनमध्ये क्लेरिकल मेडिकल नावाची कंपनी निघाली. तिच्या स्थापनेत डॉक्टर मंडळी होती आणि आजारी माणसाचाही विमा उतरवायचा असं तिने ठरवलं. तेव्हाची युक्ती सोपी होती. माणूस ३५ वर्षांचा असला तरी तब्येत पाहून त्याला ४२ वर्षांचा धरायचा आणि ४२ चा हप्ता लावायचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या न्यूयॉर्क लाइफ कंपनीचे डॉ. ऑस्कर रॉजर्स आणि गणिती आर्थर हंटर या दोघांनी याचं रीतसर गणित बसवलं. सर्वसाधारण माणूस म्हणजे १०० गुण. वजन जास्त, अधिक इतके. आईवडील दीर्घायुषी, उणे इतके. रक्तदाब, अधिक इतके. शेवटी बेरीज १५० आली तर अशा शंभर लोकांत नेहमीच्या दीडपट मृत्यू होतील असं धरून हप्ता ठरवायचा. आम्ही दहावीला तोंडी, लेखी आणि प्रात्यक्षिकाचे गुण मिळवायचो त्यातलाच प्रकार, फक्त इथे गुण जितके जास्त तितकं वाईट!

आजही विमा कंपन्यांची पद्धत मुळात हीच आहे. हे आपल्या लोकांना कुणी नीट सांगत नाही. त्यांना वाटतं, आजार लिहिला की फॉर्म सरळ केराच्या टोपलीत. तसं नेहमीच होत नाही. कंपनी जादा हप्ता मागते, मुदत कमी करते, रक्कम कमी देते, किंवा सहा महिने-वर्षभर थांबून पुन्हा या म्हणते. काही वेळा नकारही येतो, नाही असं नाही. पण मधुमेह गोळ्यांनी ताब्यात असेल, तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट बरा असेल, तर दार बंद नसतं. अलीकडे तर खास मधुमेहींसाठीच मुदतीचा विमा बाजारात आला आहे. आणि एका कंपनीने नाही म्हटलं म्हणजे सगळ्याच म्हणतील असंही नाही, कारण प्रत्येकीचं गणित थोडं वेगळं असतं.

आता लपवण्याबद्दल. विमा कायदा १९३८ चा. त्यातलं ४५ वं कलम सामान्य माणसासाठी महत्त्वाचं. माणूस मेल्यावर कंपनीने जुने कागद उकरून "तुम्ही हे सांगितलं नव्हतं" म्हणत बसू नये म्हणून ते घातलं. दोन वर्षं उलटल्यावर, महत्त्वाची गोष्ट जाणूनबुजून फसवणुकीने लपवली हे कंपनीने सिद्ध केलं तरच पॉलिसी मोडता येई. आणि कंपन्या ते सिद्धही करत. मिठूलाल नायक यांचा खटला वकील मंडळींना पाठ असतो. १९४५ सालची २५,००० रुपयांची पॉलिसी. विमेदाराने अर्जात डॉक्टरकडे गेलो नव्हतो असं लिहिलेलं, आणि प्रत्यक्षात दोनच वर्षांपूर्वी तो गंभीर आजारावर उपचार घेत होता. १९४६ मध्ये तो वारला. प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९६२ साली निकाल कंपनीच्या बाजूने लागला. विम्याची रक्कम तर नाहीच, भरलेले हप्तेही परत मिळाले नाहीत.

२०१५ च्या दुरुस्तीने हे कलम आणखी विमेदाराच्या बाजूचं झालं. पॉलिसीला तीन वर्षं झाली की कोणत्याही कारणाने तिच्यावर बोट ठेवता येत नाही. पण त्याचा उलटा अर्थ काढणारेही आहेत. "तीन वर्षं ढकला, मग काळजी नाही," असं सांगणारा एजंट मी स्वतः ऐकला आहे. अहो, ज्याला हृदयविकार आहे त्याने तीन वर्षं ढकलायची कशाच्या भरवशावर? आणि बंद पडलेली पॉलिसी पुन्हा चालू केली की ती तीन वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजतात, हे तो सांगत नाही. नेमकं आजारी माणसाचंच घर या तीन वर्षांत उघड्यावर पडण्याचा धोका जास्त. एजंटला त्याचं कमिशन मिळून गेलेलं असतं. भोगायचं मागे राहिलेल्या बाईने.

आणखी एक गोष्ट आपल्या शेतकऱ्यांनी ऐकावी अशी. महामंडळाची एक मुदतीच्या विम्याची योजना फक्त सरकारी, निमसरकारी आणि नामांकित कंपन्यांतल्या पगारदारांसाठी होती. अहमदाबादच्या एका ग्राहक संस्थेने दाद मागितली आणि १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने ती अट घटनाबाह्य ठरवली. शेतकऱ्याचा जीव पगारदारापेक्षा कमी मोलाचा नाही, हेच त्याचं तात्पर्य. एचआयव्ही बाधितांसाठी २०१७ चा कायदा आहे, तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. निव्वळ आजाराच्या नावावरून विमा नाकारता येत नाही, त्याला विमागणिताचा आधार दाखवावा लागतो, असं त्यात म्हटलं आहे.

मग ज्याला कुठेच दाद लागत नाही त्याने काय करावं? त्याचं उत्तर आम्हा नोकरदारांच्या पगारपत्रकात होतं. दर महिन्याला गट विम्याची वर्गणी कापली जायची आणि कुणाचीही छाती तपासली जात नसे. धडधाकट आणि आजारी एकाच पंगतीला. शेतकऱ्याला अशी पंगत फार उशिरा मिळाली. २०१५ साली प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजना आली. १८ ते ५० वयाच्या कुणालाही बँकेतल्या किंवा पोस्टातल्या खात्यावरून वर्षाला ४३६ रुपयांत (आधी ३३० होते) दोन लाखांचा विमा मिळतो. वैद्यकीय तपासणी नाही. नव्याने सामील झाल्यावर पहिले ३० दिवस अपघाताखेरीज मृत्यूचा दावा मिळत नाही, एवढीच मेख. दोन लाखांत आयुष्य निघत नाही हे खरं. पण सोसायटीचं कर्ज फिटतं, पोरीचं एखादं वर्ष शिक्षण होतं. पन्नाशीच्या आत आहात तोवर घेऊन ठेवा, पुढे ते ५५ पर्यंत चालू राहतं.

असो. "हे लिहायलाच पाहिजे का?" या प्रश्नाला माझं उत्तर ठरलेलं आहे. हो, लिहायचं. कोणत्या सालापासून, कोणत्या गोळ्या, कुठल्या डॉक्टरकडे, सगळं लिहायचं, रिपोर्ट जोडायचे आणि भरलेल्या अर्जाची झेरॉक्स घरातल्या बाईच्या हाती द्यायची. जादा हप्ता बसला तर चारशे-पाचशे रुपयांसाठी नाक मुरडू नये. विमा स्वतःसाठी काढत नसतात. ज्यांच्यासाठी काढतो त्यांना तो मिळाला पाहिजे. तो मिळाला की नाही हे बघायला आपण नसणार, म्हणून तर आज खरं लिहायचं.