अनवाणी पायांची वाट

मोर्शीहून सिंभोरा धरणाकडे बापलेक पहिल्या हाफ मॅरेथॉनच्या सरावाला निघतात, तेव्हा डोक्यात एकच आकडा असतो: 21.0975 किलोमीटर. 1908च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये धावलेल्या 42.195चा हा बरोब्बर निम्मा.

मराठी मुलुख ऑलिम्पिक मॅरेथॉनमध्ये उतरला 1920 साली. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर अनवाणी धावणारे गडी दोराबजी टाटांच्या नजरेत भरले आणि संघ अँटवर्पला गेला. बेळगावचे फडेप्पा चौगुले तिथे मॅरेथॉनमध्ये 19वे आले.

मोर्शी ज्या वऱ्हाडात येते, तिथे व्यायामाचा पाया घातला तो दोन सख्ख्या भावांनी. अंबादासपंत आणि अनंत वैद्य यांनी 1914 साली अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची सुरुवात केली. 1936 साली मंडळाचं पथक बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी मल्लखांब आणि कबड्डी दाखवून आलं.

ते मंडळ आजही अमरावतीत सुरू आहे.