ज्येष्ठांसाठी घरातले न्हाणीघर : काय बदलावे, कुठून सुरुवात करावी

वस्तीत घरभेटीला गेलो की आम्ही ज्येष्ठांना एक प्रश्न हमखास विचारतो : संध्याकाळनंतर पाणी पिता का? बऱ्याच आज्या नको म्हणतात, कारण रात्री उठावे लागते. संडासात पाय घसरेल या धास्तीने पाणी कमी केले जाते. त्यातून बद्धकोष्ठता, लघवीची जळजळ, चक्कर असा त्रास सुरू होतो आणि घरचे वयाला बोल लावतात. म्हणून कामाला लागण्याआधी आजी-आजोबांनाच विचारावे, भीती नेमकी कुठे वाटते? उत्तर बहुधा उंबऱ्यापाशी किंवा उठताना धरायला काही नाही इथे येऊन थांबते.

सगळ्यात जास्त चुका आधाराच्या दांडीत होतात. टॉवेल अडकवायचा रॉड म्हणजे आधार नव्हे. माणूस घसरताना त्यावर सगळे वजन टाकतो आणि रॉड स्क्रूसकट हातात येतो. चोखणीने टाइलला चिकटणाऱ्या दांड्यांवरही भरवसा ठेवू नये. 32 ते 40 मिलिमीटर जाडीचा स्टीलचा पाइप घ्यावा. भिंतीपासून 40 ते 50 मिलिमीटर अंतर सोडावे, म्हणजे मूठ नीट बसते पण हात आत अडकत नाही. कमोडच्या बैठकीपासून साधारण 200 मिलिमीटर वर दांडी येते. तरी आजींना बसवून, हात आपोआप कुठे जातो ते पाहूनच खूण करावी. भिंत चार इंची किंवा पोकळ विटांची असेल तर नुसता गिट्टी-स्क्रू पुरत नाही. बोल्ट आरपार काढून पलीकडून लोखंडी पट्टी लावावी. पत्र्याच्या घरात भिंतीचा नाद सोडून हात असलेली कमोड खुर्ची घ्यावी. दांडी बसली की आधी तरुणाने तिला लोंबकळून पाहावे. आमच्यात हे काम सगळ्यात वजनदार कार्यकर्त्याकडे असते.

दार आत उघडत असेल तर पडलेल्या माणसाच्या अंगावरच ते अडते आणि बाहेरच्यांना आत जाता येत नाही. बिजागऱ्या बदलून ते बाहेर उघडणारे करून घ्यावे. कडीही बाहेरून उघडता येईल अशी हवी.

फरशीवरचे शेवाळ आणि साबणाचा थर घासून काढणे हा बिनपैशाचा उपाय. चोखणीची रबरी चटई खरखरीत टाइलवर चिकटत नाही, ओढून पाहावी. तळ झिजलेली चप्पल टाकून द्यावी. रात्रभर एक छोटा एलईडी दिवा चालू ठेवावा. संडास घराबाहेर असेल तर वाटेवरही.

भारतीय बैठकीवर ठेवायचे कमोड स्टूल मिळते. पायांची रबरी टोपणे शाबूत आहेत ना, ते बघावे. रात्री पलंगाजवळ कमोड खुर्ची ठेवली तर भांडे कोण रिकामे करणार हे आधीच ठरवावे. न ठरवता ते सुनेवरच येते. आंघोळ खुर्चीवर बसून करावी, बादली वाकावे लागणार नाही इतक्या उंचीवर ठेवावी. हीटरच्या रॉडचा प्लग काढल्याशिवाय पाण्यात हात घालू नये. गॅस गिझर बंद न्हाणीघरात नकोच, कार्बन मोनॉक्साइडने माणूस आवाज न करता बेशुद्ध पडतो.

पैशांसाठी मुख्यमंत्री वयोश्री योजना आहे. 2024 मध्ये सुरू झालेल्या या योजनेत 65 वर्षे पूर्ण झालेल्या आणि 2 लाखांच्या आत कौटुंबिक वार्षिक उत्पन्न असलेल्या ज्येष्ठांना साहाय्यक साधनांसाठी एकदाच 3000 रुपये बँक खात्यात मिळतात. साधनांच्या यादीत कमोड खुर्चीही आहे. अर्ज सध्या चालू आहेत का, ते जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात विचारावे. 14567 ही ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन मोफत आहे.

रमाई आवास योजनेतून घरकुल बांधायला घेतले असेल, तर दांडीची जागा गिलाव्याआधीच गवंड्याला दाखवून तेवढी भिंत भरीव करून घ्यावी. नंतर टाइल फोडावी लागते आणि तो खर्च हप्त्यात बसत नाही.