धूर की गारठा?

आनंदीबाई जोशी हे नाव उच्चारलं की आपल्या डोळ्यांपुढे काही ठरलेली चित्रं उभी राहतात. कल्याणची यमुना, नवव्या वर्षी झालेलं लग्न, चौदाव्या वर्षी झालेलं आणि दहा दिवसांत गेलेलं मूल, गोपाळरावांचा शिकवण्याचा हट्ट, बोटीचा प्रवास, डॉक्टरची पदवी आणि लगेच आलेला मृत्यू. शाळेच्या पुस्तकापासून नाटक-सिनेमापर्यंत ही कथा आपण ऐकली, पाहिली. तिच्यातल्या एका लहानशा तपशिलापाशी मात्र कुणी फारसं थांबत नाही. आज मी त्याच्याविषयीच बोलणार आहे.

1883च्या ऑक्टोबरात आनंदीबाई फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात दाखल झाल्या. तिथे त्यांना राहायला जी खोली मिळाली, तिच्यातली फायरप्लेस, म्हणजे भिंतीतली चूल, सदोष होती. पेटवली की धूर खोलीत पसरायचा, न पेटवावी तर थंडी. रोज संध्याकाळी निवड करायची, आज धूर की गारठा? अठरा वर्षांची मुलगी, अंगावर नऊवारी लुगडं आणि बाहेर पेनसिल्व्हेनियाचा हिवाळा.

आपल्याला, विशेषतः आपल्या रत्नागिरीकरांना, यातली अडचण चटकन कळणार नाही. जानेवारीत पहाटे पारा अठरा-एकोणीसवर आला तरी आपण कानटोपी शोधतो. घर गरम करायचं असतं ही कल्पनाच आपल्याकडे नाही. कोकणातलं घर बांधलेलं असतं ते पावसाचं पाणी बाहेर टाकायला आणि वारा आत घ्यायला. चुलीचा धूर कौलांच्या फटींतून निघून जातो आणि जाता जाता माळ्यावरचं बियाणं राखतो, वाशांना कीड लागू देत नाही. धुराला वेगळी वाट करून द्यावी असं आपल्या जुन्या सुतार-गवंड्यांना वाटलं नाही, कारण सगळं छप्परच त्याची वाट होतं. ‘चिमणी’ म्हटलं की माझ्या लहानपणी तर रॉकेलचा दिवाच आठवायचा, धुराडं नव्हे. दगडी कोळशाशीही आपली ओळख बेताचीच. तो जळायचा आगबोटीच्या पोटात, बंदरापासून दूर. रेल्वे रत्नागिरीला आली तीच मुळी डिझेलवर. आता जयगडच्या वीजकेंद्रासाठी कोळशाची जहाजं येतात, पण कोळसा घरात जाळायचा असतो हे आपल्या पिढ्यांनी पाहिलेलं नाही.

फिलाडेल्फियाची गोष्ट उलटी. तिथे जानेवारीचं सरासरी तापमान शून्याच्या आसपास. रात्री पारा त्याच्याही खाली. आणि शहराच्या वायव्येला व उत्तरेला, शंभरेक मैलांच्या टापूत, अमेरिकेतल्या उत्तम कोळशाच्या खाणी. हा अँथ्रसाइट. कठीण, चमकदार, जवळजवळ बिनधुराचा. त्याची खोड एकच, तो लवकर पेटत नाही. विल्क्स-बॅरी गावातल्या जेसी फेल नावाच्या गृहस्थांनी 1808च्या फेब्रुवारीत लोखंडी जाळीवर हा कोळसा घरच्या चुलीत जळू शकतो हे दाखवून दिलं. खालून हवा मिळाली की झालं. पुढे तो घराघरांत गेला. अंडं, चेस्टनट, वाटाणा अशा नावांनी त्याचे आकार ठरले आणि दुकानात तसे भाव लागले.

मग अशा शहरात, इतका चांगला कोळसा हाताशी असताना, एका विद्यार्थिनीची खोली धुराने का भरावी?

फायरप्लेस धुरते याची कारणं तेव्हाही गूढ नव्हती. धूर वर जातो तो गरम आणि म्हणून हलका असतो म्हणून. चुलीचं तोंड मोठं ठेवलं आणि वरचा घसा रुंद ठेवला, तर विस्तवाच्या धुराबरोबर खोलीतली भरपूर थंड हवाही वर खेचली जाते, धूर थंडावतो, त्याचा जोर जातो आणि तो परत खोलीत उतरतो. खिडक्या-दारं घट्ट लावली तर वर गेलेल्या हवेची जागा घ्यायला दुसरी हवा येत नाही, तरीही धूर अडतो. शेजारचं छप्पर धुराड्याहून उंच असेल तर वारा वरून खाली दाबतो. काउंट रम्फर्ड या शास्त्रज्ञाने 1796 साली यावर एक निबंधच लिहिला. हा मूळचा मॅसॅच्युसेट्सचा, बेंजामिन थॉम्प्सन. त्याने सांगितलेला उपाय एखाद्या गवंड्याने दिवसभरात करावा इतका साधा होता. घसा चार इंचांपर्यंत अरुंद करा, मागची भिंत पुढे आणा, बाजूच्या भिंती तिरक्या करा, म्हणजे उष्णता खोलीकडे फेकली जाईल. अशी पाचशेच्या आसपास धुरकट धुराडी आपण हाताळली, असं त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे. आनंदीबाई त्या खोलीत शिरल्या तेव्हा या उपायाला 87 वर्षं होऊन गेली होती.

मला या तपशिलाचं महत्त्व वाटतं ते यासाठी. ज्ञान होतं, कोळसा होता, गवंडी होते. फक्त त्या खोलीपर्यंत ते पोचलं नव्हतं.

आणि फायरप्लेसपेक्षा फार पुढे गेलेली एक व्यवस्थाही तेव्हा अमेरिकेत रूढ झाली होती. ती म्हणजे तळघरातली कोळशाची भट्टी. ती समजून घ्यायची तर आपल्याकडे उत्तम उदाहरण आहे, ते म्हणजे न्हाणीघरातला तांब्याचा बंब.

बंब आठवा. मधोमध उभी नळी, तिच्यात बंबफोड नाहीतर नारळाची सोडणं, खाली राख पडायला जाळी, वर धूर जायला तोंड, आणि नळीभोवती पाणी. जाळ आणि पाणी एकमेकांना कुठेही भेटत नाहीत, मधे फक्त तांब्याचा पत्रा. आता हा बंब माणसाहून उंच करा, तांब्याच्या जागी बिडाचं लोखंड घाला आणि पाण्याच्या जागी हवा. झाली गरम हवेची भट्टी.

बिडाच्या जाड कुंडात कोळसा जळायचा. त्याच्यावर एक पोकळ पिंप, त्यातून धुराने फिरून, आपली उष्णता देऊन मगच धुराड्याकडे जायचं. या सगळ्याभोवती विटांची खोली किंवा पत्र्याचं आवरण. लोखंड आणि आवरण यांच्यामधल्या पोकळीत बाहेरची थंड हवा एका लाकडी बोगद्यातून खालून यायची, तापायची, हलकी व्हायची आणि वरच्या नळ्यांत शिरायची. पंखा नाही, यंत्र नाही. गरम हवा वर जाते एवढ्या एका नियमावर सगळं घर चालायचं. म्हणून नळ्या आडव्या टाकून चालत नसे, फुटामागे इंचभर चढ द्यावा लागे. भट्टी घराच्या मध्यावर आणि थंड वाऱ्याच्या बाजूला थोडी सरकवून बसवावी लागे, कारण लांबच्या खोलीपर्यंत जायला हवेला जोर कमी पडतो. नळ्या वर जाऊन जमिनीतल्या नक्षीदार लोखंडी जाळ्यांना मिळत. मुलं थंडीत त्या जाळीवर जाऊन उभी राहत. भट्टीतून चारी दिशांना फुटलेल्या या जाड नळ्यांमुळे पुढे लोकांनी तिला ‘ऑक्टोपस’ असं नाव ठेवलं.

याचं शास्त्र इंग्लंडमध्ये आधी बसलं होतं. डर्बीच्या विल्यम स्ट्रट या गिरणीमालकाने 1810च्या सुमारास तिथल्या नव्या इस्पितळासाठी अशीच व्यवस्था आखली. रुग्णांना ऊब मिळावी, पण विस्तवाचा धूर आणि राख त्यांच्या खाटेपाशी येऊ नये, हा हेतू. म्हणजे ही कल्पना लवकर रुजली ती आजाऱ्यांच्या इमारतीत, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

अर्थात बंबाला जशी राबणूक लागते तशी या भट्टीलाही लागे, आणि कितीतरी जास्त. पहाटे उठून जाळी हलवायची, राख काढायची, ती चाळून अर्धवट जळलेले तुकडे वेचायचे, नवा कोळसा टाकायचा. रात्री विस्तव राखेने आणि कोळशाने झाकायचा, हवेची झडप जवळजवळ मिटायची, म्हणजे सकाळपर्यंत निखारे टिकतात. आपल्या आज्या चुलीतला विस्तव राखेखाली जपून ठेवत, तेच. हिवाळ्याला काही टन कोळसा लागे. 1902 साली पेनसिल्व्हेनियातल्या अँथ्रसाइट खाणकामगारांनी मे ते ऑक्टोबर असा संप केला, तेव्हा हिवाळा तोंडावर आलेला पाहून राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना स्वतः मध्ये पडावं लागलं. घराघरांतल्या तळघरात काय जळतं यावर केवढं राजकारण उभं होतं ते यावरून कळतं.

दोषही होते. भट्टीची हवा कोरडी, म्हणून आवरणात पाण्याचं एक भांडं ठेवत, ते भरायला लोक विसरत. बिडाच्या कुंडाला तडा गेला किंवा सांधा सुटला की विस्तवाची हवा आणि घराची हवा एक होई, आणि न जळलेल्या कोळशाचा विषारी वायू निजलेल्या माणसांपर्यंत पोचे. त्याला ना रंग, ना वास. धूर निदान डोळ्यांत पाणी आणून सावध तरी करतो. ‘अंकल टॉम्स केबिन’ लिहिणाऱ्या हॅरिएट बीचर स्टो आणि त्यांची बहीण कॅथरीन बीचर यांनी 1869 साली गृहिणींसाठी एक जाडजूड पुस्तक काढलं. त्यात स्टोव्ह, भट्टी आणि धुराडं यांची रचना, शिवाय घरातलं हवेचं चलनवलन, असा सगळा विषय बायकांना समजावून दिला आहे. त्याही काळात हे गवंड्यावर सोडून भागत नाही असं त्या दोघींचं म्हणणं. मला हे पुस्तक फार शहाणं वाटतं.

आनंदीबाईंनी अमेरिकेतला पहिला उन्हाळा काढला तो न्यू जर्सीतल्या रोझेल गावी, कार्पेंटर कुटुंबात. 1883च्या 4 जूनला त्या न्यूयॉर्कला उतरल्या. त्याच रोझेलमध्ये साडेचार महिने आधी, 19 जानेवारीला, एडिसनने खांबांवरून तारा ओढून गावात विजेचे दिवे लावले होते. असे दिवे लागलेलं ते पहिलं गाव मानतात. प्रकाश तारेवरून आला, पण ऊब मात्र पुढची कित्येक वर्षं फावड्यानेच टाकावी लागायची.

आता अवघड प्रश्न. त्या खोलीने आनंदीबाईंचा बळी घेतला का? असं म्हणण्याचा मोह होतो. तो टाळावा. त्यांना झालेला क्षय जंतूंमुळे होतो, आणि तो जंतू रॉबर्ट कॉखने 24 मार्च 1882 रोजी, म्हणजे आनंदीबाई कलकत्त्याहून निघण्याच्या वर्षभर आधी, जगापुढे मांडला होता. फायरप्लेस क्षय देत नाही. पण परक्या हवेत, परक्या अन्नावर, रात्र रात्र अभ्यास करणाऱ्या आणि आधीच नाजूक प्रकृती असलेल्या मुलीला रोज गारठा किंवा धूर यांतलं एक सोसावं लागणं हे तिच्या छातीला बरं नव्हतं, एवढं म्हणायला डॉक्टर व्हावं लागत नाही.

तक्रारीचं रडगाणं त्यांनी गायलं नाही. जे आपल्या हाती आहे ते बदललं. नऊवारीत पोटऱ्या आणि कंबर उघडी राहते, म्हणून त्या गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या. आज हे किरकोळ वाटेल. पण घरून निघताना ‘मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणून परत येईन’ अशा अर्थाचा शब्द भर सभेत देऊन आलेल्या बाईला नेसण्यातला बदल किती विचार करून करावा लागला असेल! 10 ऑक्टोबर 1885चं ते प्रसिद्ध छायाचित्र पाहा. जपानच्या केई ओकामी, दमास्कसच्या सबात इस्लामबुली आणि आनंदीबाई, तिघी आपापल्या देशाच्या वेशात. छायाचित्रात थंडी दिसत नाही.

11 मार्च 1886ला पदवी मिळाली. गोपाळराव आणि पंडिता रमाबाई समारंभाला हजर होत्या. कोल्हापूरच्या इस्पितळात स्त्रियांच्या विभागाची नेमणूक झाली. 16 नोव्हेंबरला त्या मुंबईत उतरल्या त्या आजारीच. 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात त्या गेल्या, वयाची बावीस वर्षं पुरी व्हायला महिना राहिला होता. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आली आणि ती न्यूयॉर्क राज्यात पोकिप्सी इथे त्या कुटुंबाच्या दफनभूमीत पुरली आहे.

कोळशाच्या भट्ट्या विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हळूहळू गेल्या. आधी तेल आलं, मग गॅस. हवा ढकलायला विजेचा पंखा आला, त्यामुळे नळ्या बारीक झाल्या आणि आडव्याही टाकता येऊ लागल्या. 1965च्या कायद्यानंतर अमेरिकेत गेलेली आपली मंडळी न्यू जर्सीत मोठ्या संख्येने स्थिरावली, अगदी त्या रोझेलच्या आसपासच्या गावांत. त्यांच्याकडे जाऊन आलेले आपल्याकडचे आई-वडील सांगतात, ‘तळघरात फर्नेस आहे, रात्री आपोआप सुरू होते, जमिनीतल्या जाळीतून गरम वारा येतो.’ मीही अशा एका जुन्या घरात राहून आलो आहे. तिथे बाहेरच्या भिंतीत, जमिनीलगत, हातभर रुंदीचं एक लोखंडी दार दिसलं. घरमालकांना त्याचा उपयोग ठाऊक नव्हता. वरून रंगाचे इतके थर बसले होते की ते उघडतही नव्हतं. कोळशाची गाडी रस्त्यावर उभी करून तिथूनच घसरणीने कोळसा तळघरात सोडत असत.